मेंदूला 'नाही' कळतच नाही?

'मेंदूला नकार कळतच नाही, म्हणून मुलांना "सांडू नकोस" म्हणू नका' असं पालकांना सांगितलं जातं, ते अर्धवट खरं आहे. कळतो, पण कधीकधी जरा उशिरा. मानसशास्त्रज्ञ फिशलर आणि सहकाऱ्यांचा 1983 चा प्रयोग सांगतो. लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून 'रॉबिन हा पक्षी आहे', 'रॉबिन हे झाड नाही' अशी वाक्यं वाचायला दिली. न जुळणारा शब्द आला की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. 'रॉबिन'नंतर 'झाड' दिसलं की ती मोठी यायची, मग वाक्य नकारार्थी आणि पूर्णपणे खरं का असेना! म्हणजे त्या क्षणी 'नाही' अजून हिशेबात धरलेलं नसायचं.

पण 'रॉबिन हे झाड नाही' असं कोण कशाला बोलेल? 2008 मध्ये न्यूलँड आणि कुपरबर्ग या संशोधकांनी नकाराला काही कारण असेल अशी वाक्यं घेतली: योग्य साधनं असतील तर स्कूबा डायव्हिंग फारसं धोकादायक नाही, या धर्तीची. तिथे नकाराचा अर्थ त्याच क्षणी लागत होता. म्हणजे अडचण 'नाही'ची नव्हे, विनाकारण 'नाही'ची.

हे प्रयोग इंग्रजीतले, तिथे नकार आधी येतो. आपल्याकडे 'मी उद्या तुमच्याकडे जेवायला येणार...' इथवर यजमान तांदूळ मोजून मोकळा, आणि मग 'नाही'. बाकी आमच्या घरी 'सांडू नकोस' आणि 'नीट धर' दोन्ही म्हणून पाहिलंय. दूध सांडायचं तेव्हा सांडतंच.