दोन वेळा दात घासूनही हिरड्यांतून रक्त का येते?

प्रश्न (सांजवात):
गेली अनेक वर्षे मी सकाळी आणि रात्री घड्याळ लावून तीन-तीन मिनिटे दात घासतो, त्यानंतर खळखळून चुळा भरतो, आणि दात नीट स्वच्छ व्हावेत म्हणून मुद्दाम कडक ब्रश वापरतो. असे असूनही हिरड्यांतून अधूनमधून रक्त येते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट, टणक थर साचला आहे, असेही मागच्या तपासणीत सांगण्यात आले. रक्त येते त्या ठिकाणी ब्रश लावू नये, असे मला आजवर वाटत होते. माझे नेमके कोठे चुकते आहे?

प्रतिसाद (दाढीवाला):
मी व्यवसायाने दंतवैद्य आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा येथील उत्तर घेऊ शकत नाही, परंतु आपल्या वर्णनात आढळणाऱ्या दोन-तीन गोष्टी मी रोजच पाहतो.

रक्त येते तेथे ब्रश न लावणे ही त्यांतली सर्वांत घातक. हिरडीच्या कडेशी जीवाणूंचा मऊ, चिकट थर साचून राहिला की हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी स्पर्श होताच रक्त सोडते. म्हणून ती जागा टाळली की थर वाढतो आणि सूजही वाढते. दंतसंशोधक हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दातांची स्वच्छता पूर्णपणे थांबवली, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर ती सुमारे आठवडाभरात ओसरली. सुरुवातीची सूज अशी पूर्ण बरी होते, हाडापर्यंत पोहोचलेला आजार मात्र आपोआप मागे फिरत नाही.

टणक थराबद्दल, म्हणजे कीटणाबद्दल, सांगायचे तर तो त्याच मऊ थरात लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट मुरून तयार होतो. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे उघडत असल्याने कीटण तेथे सर्वांत लवकर धरते. एकदा ते घट्ट झाले की कोणत्याही ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच काढून घ्यावे लागते.

कडक ब्रश आजच टाकून द्यावा. हिरडीपाशी दाताचे मूळ उघडे पडून तेथे खाच होते ती बहुधा जोराने आडवे घासण्यानेच, आणि इनॅमल (दातावरचे कठीण आवरण) झिजले तर शरीर ते पुन्हा तयार करत नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरून, बोटांच्या टोकांत पेन धरावे इतक्या हलक्या हाताने, छोट्या-छोट्या हालचालींनी फिरवावा. दोन मिनिटे पुरतात, फक्त ती सर्व बाजूंना सारखी वाटली गेली पाहिजेत.

प्रतिसाद (निळीशाई):
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक भाग त्यातून निसटला असे वाटते. दोन दातांमधल्या फटीत ब्रशचे तंतू पोहोचतच नाहीत, त्यामुळे कितीही मन लावून घासले तरी तेथला थर तसाच राहतो. मी स्वतः अनेक वर्षे फ्लॉसचा (फटीत फिरवायच्या बारीक दोऱ्याचा) कंटाळा केला, आणि तो कंटाळा किती महागात पडला हे दाढांच्या मधल्या कडा किडल्यावर कळले. फटी घट्ट असतील तर फ्लॉस, आणि थोड्या मोकळ्या असतील तर फटीतले छोटे ब्रश अधिक उपयोगी ठरतात. फ्लॉस करवतीसारखा हिरडीवर खाली आपटू नये, तर दाताच्या कडेला मिठी मारल्याप्रमाणे वळवून वर-खाली फिरवावा.

सांजवात:
मनःपूर्वक आभार. चुळा भरण्याविषयी मात्र कोणी काही लिहिले नाही. तसेच सकाळी न्याहारीपूर्वी घासावे की नंतर?

प्रतिसाद (दाढीवाला):
घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा आणि चूळ भरू नये, कारण तोंडात उरलेले फ्लोराइड पाण्याबरोबर वाहून जाते. प्रौढांसाठी दहा लाख भागांत सुमारे १००० ते १५०० भाग फ्लोराइड असलेली पेस्ट योग्य ठरते. माउथवॉश वापरायचाच असेल तर तो घासण्याच्या वेळी न वापरता दिवसातल्या दुसऱ्या एखाद्या वेळी वापरावा.

न्याहारीत आंबट फळे किंवा त्यांचा रस असेल तर आधीच घासलेले बरे, किंवा नंतर घासायचे झाल्यास तासभर थांबावे, कारण आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग काही काळ मऊ झालेला असतो. सकाळची वेळ सोयीप्रमाणे ठरवता येते. रात्रीची मात्र चुकवू नये, कारण झोपेत लाळ फारच कमी होते आणि आम्लाला निष्प्रभ करणारे तोंडातले नैसर्गिक संरक्षण त्या काळात दुबळे असते.

आपण एकदा थराला रंग देणारी गोळी चघळून आरशात पाहावे. माझ्या सांगण्यापेक्षा ती अधिक स्पष्ट बोलते.

सांजवात (तीन आठवड्यांनंतर):
कीटण काढून घेतले. रक्त दहा-बारा दिवसांत थांबले. रंगाची गोळी आणून नेहमीच्या पद्धतीने घासल्यावर चघळली, तेव्हा समोरचे दात लख्ख होते आणि रंग उरला होता तो खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि उजव्या सुळ्याच्या आसपास, म्हणजे उजव्या हाताने घासताना मनगट वळवण्याचा मी आळस करतो त्याच ठिकाणी. आता घासण्याची सुरुवात मी तेथूनच करतो.