मदत हवी आहे : बाबांच्या हृदयाच्या अन्युरिझमचं ऑपरेशन करावं का?

नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे, आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. जानेवारीत त्यांना मोठा अटॅक आला. ॲसिडिटी असेल म्हणून रात्रभर घरीच थांबलो, ते अजून मनातून जात नाही. आता टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला अन्युरिझम दिसतोय. मेलेला स्नायू पातळ होऊन फुग्यासारखा बाहेर आलाय. ईएफ (कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं ते) ३० टक्के. आत रक्ताची गुठळी होती म्हणून वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. रोज तळजाईची टेकडी चढणारा माणूस आता दोन जिने चढताना मध्येच पायरीवर बसतो आणि आम्हाला कळू नये म्हणून चपलेचा पट्टा नीट करत राहतो.

सर्जन म्हणतात, बायपासबरोबरच डोर पद्धतीने दुरुस्ती करू, म्हणजे फुगवटा उघडून आतून पॅच लावायचा. दुसरे डॉक्टर म्हणतात, सध्या गोळ्यांवरच राहू. मी स्टिच (STICH) नावाच्या, याच ऑपरेशनवरच्या मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं (२००९, १००० रुग्ण): बायपासला ही दुरुस्ती जोडल्यावर कप्पा लहान झाला, पण मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा ॲडमिट होणं कमी झालं नाही. पण त्यातल्या सगळ्यांना बाबांसारखा खरा फुगवटा नव्हता, तिथेच माझं घोडं अडलंय.

पुण्यात कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? वर्षभराने धाप कमी झाली का? ठोके अचानक वाढण्याचा त्रास राहिला का? आधी कार्डिॲक एमआरआय केला होता का? पुढच्या आठवड्यात सर्जनना उत्तर द्यायचंय. कृपया वाईट अनुभवही मोकळेपणाने सांगा.