रोममध्ये एकच दिवस आणि मोजका खर्च : शनिवार निवडावा की रविवार?

नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण लवकरच फ्लॉरेन्सहून रेल्वेने रोमला जाणार असून तिथे आम्हाला पूर्ण असा एकच दिवस मिळणार आहे. तो शनिवार असावा की महिन्यातला पहिला रविवार, हे तिकिटे काढण्यापूर्वी ठरवायचे आहे. मुक्कामाचा खर्च सोडून माणशी २५ युरोंत दिवस भागवायचा आहे.

रविवारचा मोह उघड आहे. इटलीतील सरकारी संग्रहालये आणि पुरातत्त्वीय स्थळे महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य खुली असतात. त्यामुळे कोलोसियम हे प्राचीन रंगमंडल, फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडी यांचे मिळून १८ युरोंचे तिकीट वाचते आणि २०२३ पासून प्रवेशमूल्य लागू झालेले पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिरही फुकट पाहता येते. मात्र त्या दिवशी कोलोसियमची वेळ आगाऊ आरक्षित करता येत नाही, तिथे जाऊन रांगच लावावी लागते. हातात एकच दिवस असताना अर्धा वेळ रांगेत गेला, तर ही बचत महागात पडेल असे मला वाटते.

शिवाय आमची खरी ओढ कारावाज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रांची आहे. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये संत मॅथ्यूवरील तीन, सांता मारिया देल पोपोलोमध्ये दोन आणि सांत आगोस्तिनोमध्ये एक, अशी त्याची सहा चित्रे तिकिटाशिवाय पाहता येतात, आणि तीही ज्या भिंतींसाठी ती काढली गेली तिथेच. मॅथ्यूला येशूने पाचारण केल्याच्या चित्रातील प्रकाश चॅपेलच्या (चर्चमधील छोट्या प्रार्थनास्थळाच्या) खऱ्या खिडकीच्या बाजूनेच येतो. सांत आगोस्तिनोमध्ये गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळपाय थेट पाहणाऱ्याच्या समोर येतात. (चॅपेलमधील दिवा लावण्यासाठी काही ठिकाणी नाणे टाकावे लागते, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवणार आहोत.) अडचण अशी की, रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्या वेळी चित्रांपाशी फिरणे योग्य नव्हे, आणि दुपारी यांतली काही चर्च बंद असतात.

म्हणून माझा कल शनिवारकडे आहे. सकाळी पोपोलोपासून आरंभ करून पायीच सांत आगोस्तिनो व सान लुइजी गाठायचे, पँथिऑन पाहायचे, दुपारच्या बंद वेळेत कॅम्पिदोल्यो टेकडीच्या मागच्या बाजूने फोरमचे अवशेष वरूनच न्याहाळायचे आणि संध्याकाळी सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा पाहायचा, असा बेत आहे. कोलोसियम बाहेरूनच. व्हॅटिकन यात बसत नाही. पिण्याचे पाणी रस्त्यावरच्या सार्वजनिक नळांना मिळते, आणि १०० मिनिटे चालणारे बसचे १.५० युरोंचे तिकीट एखाद्याच वेळी लागेल.

जाणकारांना माझी विनंती आहे की, पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. पहिल्या रविवारी कोलोसियमच्या रांगेत कोणी उभे राहिले असल्यास, सकाळी लवकर गेल्याने खरोखरच फरक पडतो का? पोपोलोपासून सान लुइजीपर्यंतची चित्रे दुपारी चर्च बंद होण्यापूर्वी घाई न करता पाहून होतील का, की हा क्रम उलटा लावावा? आणि कोलोसियम आतून न पाहता परतणे ही चूक ठरेल, असे आपल्यापैकी कोणाचे मत असेल, तर त्यासाठी वरच्या बेतातील नेमके काय वगळावे, हेही कृपया सांगावे.