मदत हवी आहे: पेटी-तबला परदेशी न्यायला कोणते कागद लागतात?

धरमपेठ_कोरस
आमच्या समूहगान मंडळाचा दौरा आहे. पेटी, तबल्याच्या दोन जोड्या आणि एक तानपुरा सोबत आहे. एजंट म्हणतो कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) काढा, नाहीतर कस्टममध्ये अडकाल. कोणी काढलाय का? लवकर सांगा, उद्या त्याला पैसे द्यायचेत.

बेसूर_बुवा
कोणता देश? कधी? राजेहो, पत्ता न सांगता ऑटोत बसून राहिले तुम्ही.

धरमपेठ_कोरस
युरोप. मे महिन्यात.

बेसूर_बुवा
युरोप हा देश नाही नं जी.

धरमपेठ_कोरस
व्हिएन्ना दोन रात्री, प्राग तीन, मग जर्मनीत पाच. आधी व्हिएन्नाला उतरतो म्हणून व्हिसा ऑस्ट्रियाचा. प्रश्न पेटीचा आहे!

रेशीमबाग_अल्टो
पेटी राहू द्या, आधी व्हिसा बघा. मुक्काम सगळ्यात जास्त जिथे, अर्ज तिथे. पहिल्या देशाचा नियम मुक्काम सारखे असले तरच. म्हणजे तुमचा जर्मनीकडे. विमा किमान ३०,००० युरोचा.

ठेका_दादरा
कार्ने आपल्याकडे फिक्की ही उद्योग-संघटना देते, पण तारण ठेवावं लागतं. हातात नेण्यासारखी वाद्यं प्रवाशाने स्वतः आणली तर युरोपीय संघात सहसा तोंडी सांगूनही भागतं. खरी कटकट परत येताना, वाद्यं इथूनच नेली होती हे दाखवायची. म्हणून जाताना, सामान चेक-इनला देण्याआधी, आपल्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. आमच्या पेटीवर नंबरच नव्हता. साहेबांनी शेवटी भात्याच्या कोपऱ्यावरचं लाल रेक्झिनचं ठिगळ लिहून घेतलं, वर फोटो. आणि तबल्याची हातोडी केबिन बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतात.

शिसवी_खोड
शिसमच्या तबल्याला सायटीसचं (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट लागतं, ते कोणीच सांगून नाही राहिलं.

ठेका_दादरा
जुनी गोष्ट. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. हस्तिदंत मात्र वेगळं प्रकरण, तानपुरा जुना असेल तर नीट बघा.

कीबोर्डवाला
इतका उपद्व्याप कशाला? तिकडे कीबोर्ड भाड्याने घ्या, तानपुऱ्याचं ॲप आहेच. आम्ही तसंच केलं, कोणालाही कळलं नाही.

रेशीमबाग_अल्टो
तुम्हाला कळलं नसेल.

बेसूर_बुवा
पेटीला परकी म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती, १९७१ पर्यंत. आता तिच्यासाठीच भांडून राहिले सगळे.

इतवारीची_मावशी
यजमानांना संत्रा बर्फी नेऊ नका हं. खवा असतो, दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. चिवडा न्या.

धरमपेठ_कोरस
बर्फीचं कोणी विचारलं? ठेका_दादरा, धन्यवाद, एजंटचे पैसे थांबवतो. तानपुरा आमच्या गुरुजींच्या वडिलांचा आहे, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) पांढरट पिवळी दिसते. हाडाची की हस्तिदंताची, कसं ओळखायचं?

ठेका_दादरा
फोटोवरून सांगणं कठीण. नागपूरच्या महाल भागात एखाद्या जुन्या वाद्य-कारागिराला दाखवा. त्यालाही शंका वाटली तर घोडी बदलत बसू नका, दुसरा तानपुरा न्या.

कीबोर्डवाला
किंवा ॲप.