‘ययाती’वरचा निबंध परत आलाय, आता काय करू?

रंकाळा_कट्टा:
एमए मराठी, पहिलं वर्ष. खांडेकरांच्या ‘ययाती’वर दीड हजार शब्द लिहायचे होते, मी रात्रभर बसून सतराशे लिहिले आणि सरांनी खाली लाल पेननं एवढंच लिहून परत दिला, “गोष्ट कळली. तुझं काय?” सोमवारी परत द्यायचाय. कादंबरी दोनदा वाचलीय हो, पण ‘माझं काय’ म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं? सुरुवात खांडेकरांच्या जन्मापासून केलीय, ते बरोबर आहे ना?

तांबडा_पांढरा:
लगा जन्मापासून?? १८९८, सांगली, मग १९७४ चं ज्ञानपीठ, हे सरांना तोंडपाठ असणार की. पहिलं पान फाड आधी.

शाहूपुरीची_ताई:
हसू नका रे, मी पण हेच केलं होतं, माझे शब्द तर देवयानीच्या लग्नातच संपले होते 😅 हे बघ, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं ‘मी’ म्हणून बोलतात, हे तू एका ओळीत सांगून पुढं गेला असशील, पैज लावते. तिथंच थांबायचं होतं. कचाला स्वतःचं प्रकरण का नाही? एवढा मोठा माणूस, पण त्याच्या मनात शिरायला आपल्याला दारच नाही. याचं तुला पटणारं उत्तर एका वाक्यात लिही आणि समोर भिंतीला चिकटव. मग पुस्तक परत उघड, सगळं नको, कच येतो तेवढीच पानं. वहीत दोन रकाने पाड, एकात देवयानी सांगते तो कच, दुसऱ्यात शर्मिष्ठा सांगते तो, पान नंबर टाकून. दोघींचा कच वेगळा निघाला तर निबंध तिथंच आहे. प्रस्तावना शेवटी लिही. आणि उतारा दिल्यावर ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणून तोच उतारा परत सांगू नको, माझ्या निबंधात हे सात वेळा सापडलं होतं.

रिटायर्ड_मास्तर:
ताईंचं बरोबर आहे, भर घालतो. आपल्या मताच्या आड येणारं पानही घ्यावं. ते लपवलं की तपासणाऱ्याला आधी तेच दिसतं, इतकी वर्षं गठ्ठे तपासलेत म्हणून सांगतो. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, जरूर बघून या, पण निबंध झाल्यावर. आधी गेलात तर परत चरित्रच लिहाल.

रंकाळा_कट्टा:
पान फाडलं. भिंतीवरचं वाक्य असं केलंय: ‘कच आपल्याला फक्त दुसऱ्यांच्या तोंडून कळतो, म्हणून तो निर्दोष वाटतो.’ चालंल का?

शाहूपुरीची_ताई:
कुणाला वाटतो? देवयानीला तो नाही म्हणून निघून गेलाय, तिला विचार की.