मुलाचा पंप आजपासून बंद केला तर चालेल का?

ओमची_आई: डॉक्टरांनी दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप दिलाय. सकाळी दोन पफ, रात्री दोन. तीन आठवडे झाले. खोकला थांबला, रात्री झोपतो. पण आवाज बसलाय आणि जिभेवर पांढरे डाग आलेत. सासूबाई म्हणतात सवय लागेल, उंची खुंटेल. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला. लवकर सांगा.

औदुंबर: वय किती? औषध कुठलं? स्पेसर लावता का?

ओमची_आई: सात पूर्ण. बुडेसोनाइड, एका पफला १०० मायक्रोग्रॅम. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची ती नळी ना? औषधवाला म्हणाला गरज नाही, थेट तोंडात मारा.

नंदूकाका: पंप सोडा. मृगाला हैदराबादला मासा गिळायला न्या. मेहुण्याचा दमा गेला.

छातीविभाग_नर्स: काका, त्याने दमा जातो याला पुरावा नाही, आणि लहान पोराच्या घशात मासा अडकला तर?
ताई, पंप बंद करू नका, खोकला त्यानेच थांबलाय. थेट मारलं की बरंचसं औषध जिभेला, घशाला चिकटतं, त्यावर बुरशी धरते. स्पेसर आणाच. एका वेळी एकच पफ, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा. नंतर चूळ भरून थुंकायला लावा. डाग सोमवारी दाखवा, थेंब देतील.

नंदूकाका: पुरावा तुमच्याकडे, अनुभव आमच्याकडे.

कोथरूडकर: उंचीचं सासूबाईंचं अगदीच चूक नाही. अमेरिकेत रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंमी बुटकी निघाली. २०१२ साली छापून आलंय.

छातीविभाग_नर्स: बरोबर, पण ती घट सुरुवातीच्या काळातली, वर्षागणिक वाढत गेली नाही. जोराचा अटॅक आला तर पोटातून स्टिरॉइड द्यावं लागतं, तेही मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पंपाच्या कितीतरी पट. डोस कमी करायचा तर डॉक्टरच टप्प्याटप्प्याने करतील.

ओमची_आई: स्पेसर आणला. चूळ भरायचं कुणी बोललंच नव्हतं. घरात निळा पंपही आहे, तोही रोज द्यायचा?

छातीविभाग_नर्स: नाही, तो दम लागला तरच. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला तर डॉक्टरांना कळवा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना धाप लागत असेल, तर सोमवारची वाट न पाहता दवाखाना गाठा.

औदुंबर: स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर औषध आतच चिकटून राहतं.