‘रिक्विएम’ संपवलं. आता भाचीला काय सांगू?

कोपऱ्यातली आत्या

पुढे शेवट फोडलेला आहे. ज्यांना ‘डिलिरियम’ मालिका वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

लॉरेन ऑलिव्हर बाईंचं ‘रिक्विएम’, म्हणजे मालिकेतलं तिसरं आणि शेवटचं पुस्तक, काल रात्री दीड वाजता संपलं. मी मागची कोरी पानंसुद्धा बोटाला थुंकी लावून सुटी करून पाहिली. म्हटलं एखादं प्रकरण चिकटून राहिलं असेल. नव्हतं.

ही पुस्तकं माझ्या वयाची नव्हेत, हे मला ठाऊक आहे. मी बेचाळीसची, भाची सोळाची. तिनं पहिलं पुस्तक हातात कोंबलं ते “आत्या, फक्त पन्नास पानं वाच, नाही आवडलं तर परत दे” असं म्हणून. ते काही परत गेलं नाही. त्या जगात प्रेम हा रोग आहे. सरकारनं तसं जाहीर करून ६४ वर्षं झाली आहेत आणि इलाज सापडून ४३. अठरा वर्षांचं झालं की मेंदूवर शस्त्रक्रिया, मग नेमून दिलेल्या माणसाशी लग्न, सगळं शांत. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं पोर्टलंड, भोवती कुंपण, कुंपणापलीकडे रान. आणि आपली लीना त्या इलाजाकडे डोळे लावून बसलेली! दिवस मोजतेय पोरगी. बंडखोर नायिका आयती न देता आधी अशी घाबरट, आज्ञाधारक दिली, हे मला फार आवडलं. त्यामुळे अ‍ॅलेक्स भेटल्यावर ती जी हलते ते खरं वाटतं.

दुसऱ्या पुस्तकात अ‍ॅलेक्स मेला असं धरून ती रानात जगायला शिकते, ज्युलियन भेटतो, आणि अगदी शेवटच्या पानावर हे महाशय जिवंत हजर. भाचीनं पुस्तक उशीवर आपटलं आणि तिसरं उघडायला साफ नकार दिला. “तू आधी वाच. कुणाबरोबर जाते तेवढं सांग. अ‍ॅलेक्स असेल तर वाचेन.” अशी अट. गेले तीन आठवडे रोज एकच प्रश्न: “कुठवर आलीस?”

तर विचारायचंय ते असं. लीना शेवटी अ‍ॅलेक्सकडे वळते हे मलाही दिसतं, आंधळी नाही मी. पण ज्युलियनचं काय? ज्या मुलानं तिच्यासाठी बाप सोडला, घर सोडलं, त्याला समोर बसवून दोन वाक्यं बोलायची सवड लेखिकेला मिळू नये? आणि एकाआड एक प्रकरण लीनाच्या मैत्रिणीला, हानाला, कशासाठी दिलंय? इकडे रानात माणसं मरतायत आणि तिकडे हिच्या लग्नाच्या गाउनची मापं. मी लीनासाठी दोन पुस्तकं चालत आले होते हो.

भाची संध्याकाळी येणार आहे. काय सांगू?

---

वाळवी

“अ‍ॅलेक्स” म्हणा आणि मोकळ्या व्हा. खोटं नाही ते.

बाकी तुम्ही स्वस्तात सुटलात. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘डायव्हर्जंट’ मालिकेतलं ‘अ‍ॅलिजंट’ आलं होतं. व्हेरॉनिका रॉथनं तिसऱ्या पुस्तकात नायिकाच मारली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आठवडाभर घरात कुणाशी नीट बोललो नाही, आईला वाटलं परीक्षेत गचकलो. तुमच्या लीनानं निदान जिवंत राहून घोळ घातला.

जाता जाता: याच्यावर टीव्ही मालिकाही होणार होती. एमा रॉबर्ट्सला लीना करून पहिला भाग चित्रित झाला, पण फॉक्स वाहिनीनं मालिका घेतली नाही. २०१४ मध्ये तो एकुलता भाग हुलूवर काही दिवस दाखवला. म्हणजे तिथे तर शेवट सोडाच, मधलंही नाही.

---

रातपाळी

आत्याबाई, हानाच्या प्रकरणांवर माझाही पहिल्या वाचनात असाच राग होता. मी तर चक्क लीनाची प्रकरणं आधी सलग वाचून काढली होती. दुसऱ्यांदा वाचताना मत फिरलं, ते का फिरलं ते सांगते. लांबेल जरा, रातपाळी आहे, वेळ आहे.

पहिल्या दोन्ही पुस्तकांत इलाज आपल्याला फक्त बाहेरून दिसतो. लीनाची मावशी कॅरल, मोठी बहीण रेचल, यांचे थंड, गुळगुळीत चेहरे. आत काय चाललंय याचा पत्ता नाही. लीना कधी इलाज करून घेतच नाही, म्हणजे तिच्या तोंडून तो कळणं शक्यच नव्हतं. हाना करून घेते. आणि ती स्वतः बोलायला लागते तेव्हा पहिल्यांदा कळतं की आत माणूस शिल्लक आहे. नीट बोलते, नीट बसते, फ्रेड हार्ग्रोव्हशी लग्न करायला तयार आहे, तो शहराचा महापौर होतोय याचं तिला बरंही वाटतं. तरी काहीतरी टोचतंय. आपल्यावरचा इलाज पुरता लागलाच नाही की काय, अशी तिला धास्ती आहे. ही धास्ती ती कुणाला सांगूही शकत नाही.

तुम्ही गाउनची मापं म्हणालात. त्याच प्रकरणांच्या आसपास ती सायकल काढून डीअरिंग हायलँड्सला जाते, तो ओसाड पडलेला भाग, जिथे आता लीनाचे घरचे लोक हलाखीत राहतायत. त्यांना खायला नेऊन देते. छोटी ग्रेस तिथे आहे. का जाते? ते काही उपकार नव्हेत, ती फेडतेय. लीना आणि अ‍ॅलेक्सची बातमी अधिकाऱ्यांना तिनेच पोचवली होती. जिवलग मैत्रिणीनं. ते कळल्यावर मी पहिलं पुस्तक पुन्हा उघडून हानाची सगळी वाक्यं तपासत बसले. त्या दोघी एकत्र धावायला जायच्या ती पानं आता वाचवत नाहीत मला.

आणि फ्रेड. तुमचं लक्ष ज्युलियनकडे होतं म्हणून कदाचित निसटलं असेल. ह्या माणसाची आधीची बायको, कॅसी, क्रिप्ट्समध्ये, म्हणजे शहराच्या तुरुंगात, कोंडलेली आहे. हाना तिला शोधत तिथवर जाते. हा माणूस कुणाला वीज द्यायची आणि कुणाची तोडायची ते ठरवतो आणि जेवणाच्या टेबलावर हसत बसतो. रानातल्या कुठल्याही चकमकीपेक्षा मला त्या घरातल्या प्रसंगांची जास्त भीती वाटली. तिथे ओरडायची सोयच नाही.

शेवटच्या पुस्तकात नवा आवाज आणायची तेव्हा साथच होती म्हणा. अ‍ॅली काँडीच्या ‘मॅच्ड’ मालिकेत पहिल्या पुस्तकात एक निवेदक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. वाळवींनी म्हटलेल्या ‘अ‍ॅलिजंट’मध्येही नायिका ट्रिसच्या जोडीला टोबायसचा आवाज आला. तो का आला ते शेवटी कळतं आणि पोटात कळ येते. पण तिकडे दोघांचे आवाज मला पुष्कळदा सारखेच वाटले, प्रकरणाच्या वरचं नाव पाहावं लागायचं. हानाचं तसं होत नाही. अर्धं पान वाचलं की ही बरी झालेली बाई बोलतेय हे ओळखू येतं.

लीना आणि हाना समोरासमोर येतात तो प्रसंग एकदा पुन्हा वाचा. घरात बाँब आहे, लीनाला ते माहीत आहे. हाना कबूल करते की मीच सांगितलं होतं. त्यानंतर लीना जे करते, तिला जाऊ देते, ते मला ह्या पुस्तकाचं खरं शेवटचं पान वाटतं. दोन मुलांपैकी कोण, हा हिशेब त्याच्यापुढे फिका आहे.

---

वाळवी

फिका असेल तुम्हाला. ज्युलियनला विचारा.

---

बुकमार्क

रातपाळी यांना +१. फक्त अ‍ॅलेक्सची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

‘रिक्विएम’च्या सुरुवातीला तो लीनाला तोंडावर सांगतो की माझं तुझ्यावर कधी प्रेमच नव्हतं. वाचताना माझी चिडचिड झाली होती. म्हटलं, घ्या, गैरसमजावर आता तीनशे पानं काढणार. मग तो निघून जातो आणि मागे चिठ्ठी ठेवतो, तिच्यात सॉलोमन राजाच्या गोष्टीचा उल्लेख आहे. एक मूल, दोन आया, राजा म्हणतो मुलाचे दोन तुकडे करा. सरकारनं आपल्या सोयीसाठी जुन्या गोष्टी बदलून टाकल्या आहेत, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’सुद्धा शाळेत धोक्याची सूचना म्हणून शिकवतात. त्यामुळे लीनाला चिठ्ठीचा अर्थच लागत नाही. मूळ गोष्ट हाती येते तेव्हा कळतं: खरी आई ती, जी मूल देऊन टाकते पण कापू देत नाही.

म्हणजे अ‍ॅलेक्स तिला ज्युलियनसाठी सोडून चालला होता. दोघांत तिची ओढाताण होऊ नये म्हणून. मला हे फारच देखणं वाटलं, कारण खुलासा पात्राच्या भाषणात न करता त्याच जगातल्या खोट्या पुस्तकातून केला. पहिल्या भागात प्रकरणांच्या माथ्यावर ते ‘बुक ऑफ श्श’, म्हणजे सरकारचं नियमांचं पुस्तक, आणि त्याच्यासारख्या पुस्तकांतले उतारे येतात ना, मी ते सरळ ओलांडून जायचो. चूक केली.

आत्या, अ‍ॅलेक्सच्या बाजूनं लिहिलेली एक छोटी कथाही आहे. हाना, अ‍ॅनाबेल आणि रेव्हन यांच्याही आहेत. भाचीला तिसरं नकोच असेल तर हानाच्या कथेपासून सुरुवात करून द्या.

---

कोपऱ्यातली आत्या

सगळ्यांचे आभार. रातपाळी, तुमच्यामुळे आज दुपारी ते समोरासमोरचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. मान्य. पहिल्यांदा मी ते घाईत वाचलं होतं, बाँब फुटतो की नाही एवढंच बघत. हाना फेडायला जाते हे तुम्ही म्हणालात ते तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं श्रीमंत घरात पडणार म्हणून अपराधी वाटतंय बिचारीला.

बुकमार्क, सॉलोमनचं कळलं होतं मला. पण तुम्ही फार हळवे झालात. दोन माणसांत ओढाताण नको म्हणून न सांगता निघून जाणारे पुरुष मी पुस्तकाबाहेरही पाहिले आहेत आणि त्यांनी चिठ्ठी ठेवली नव्हती एवढाच फरक. मूल बोलू शकत नाही म्हणून राजाकडे जावं लागलं. लीनाला तोंड होतं, तिला विचारता आलं असतं.

ज्युलियनबद्दल माझं म्हणणं कायम आहे. बाई शेवटी भिंत पाडतात, थेट वाचकाकडे वळून भिंती पाडायला सांगतात, ते वाचताना अंगावर काटा आला हे कबूल. भिंतीपलीकडे काय असेल ते ठाऊक नसताना पाडायची, हेही पटलं. पण त्या धुरळ्यात एक मुलगा तसाच उभा राहिला. भिंत पाडून झाल्यावर कुणीतरी त्याच्याकडे जाऊन बोलणार आहे की नाही, हे मला हवं होतं. एक पान पुरलं असतं. अर्धं चाललं असतं.

आता भाचीचं. संध्याकाळी आली, चप्पल काढायच्या आत विचारलं, “कोण?” मी वाळवींचं ऐकणार होते. तोंडात “अ‍ॅलेक्स” आलंही होतं. पण म्हटलं, “ते नंतर. आधी हे सांग, लीनाची बातमी अधिकाऱ्यांना कुणी दिली असेल?”

ती बघतच राहिली. “कुणी दिली म्हणजे? ते आपोआप पकडले गेले ना?”

मी खांदे उडवले. तिनं दोन नावं घेतली, रेचल आणि कॅरल मावशी. मी दोन्हीला नाही म्हणून मान हलवली. तिसरं नाव तिनं घेतलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं की डोक्यात आलंय. “नाही,” म्हणाली. “ती नाही. ती असं करणार नाही.” आणि पुस्तक पिशवीत टाकून गेली, पाणीसुद्धा प्यायली नाही.

---

वाळवी

आत्या, हा दगा आहे. अट अ‍ॅलेक्सची होती.

---

कोपऱ्यातली आत्या

आत्ता अकरा वाजता तिचा निरोप आलाय. लीनाची प्रकरणं सोडून नुसती हानाचीच वाचतेय. अ‍ॅलेक्सचं विचारलं तर म्हणाली, थांब गं, मध्ये बोलू नकोस.